झेंडूच्या वाटेचा कागद

शेजाऱ्याने काटेरी तार ठोकून आमच्या मळ्याची वाट बंद केली, तेव्हा झेंडू ऐन तोडणीला आला होता. पंचवटीच्या बाजाराला जाणारा टेम्पो आत येईना. आम्ही नवरा-बायको डोक्यावर क्रेट घेऊन ओढ्यातून माल काढत होतो. वकिलांवर माझा विश्वास नाही. तसा तो कुणावरच नाही.

बायकोने मला एका संघटनेच्या शनिवारच्या बैठकीला ओढत नेलं. आपला अर्ज आपणच कसा करायचा, हे तिथल्या ताई शिकवत, तेही फुकट. फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारले. तहसीलदारांना द्यायचा अर्ज त्यांनी माझ्याकडून तीनदा लिहून घेतला, स्वतः एक अक्षर लिहिलं नाही. उद्या अंगाशी आलं तर नामानिराळं राहायचं असणार, असं मला वाटलं.

"वाटेचा जुना कागद आहे का काही?" त्यांनी विचारलं.

"नाय," मी म्हणालो.

कागद होता. शेजाऱ्याच्या वडिलांनी आम्हाला वाट द्यायची, माझ्या वडिलांनी त्यांना विहिरीचं पाणी द्यायचं, असं त्यावर लिहिलेलं होतं. पाणी मी दोन वर्षांपूर्वीच तोडलं होतं.

पुढच्या आठवड्यात ताई शेजाऱ्याच्या ओट्यावर चहा पिताना दिसल्या. माझं डोकंच फिरलं.

"फितूर झाली बाई," मी म्हणालो.

"तुम्हाला देवळातला पुजारी बी फितूरच वाटतो," बायको म्हणाली.

तरी अर्जावरून वाटेची पाहणी झाली, त्या दिवशी मी कागद खिशात घालून गेलो. मंडळ अधिकाऱ्यांनी बांधावर उभं राहून पुरावा मागितला.

"वाट कधी नव्हतीच, साहेब," शेजारी म्हणाला.

सोबत आलेल्या ताई माझ्याकडे बघत होत्या. आता वाट जाणार, हे मला दिसत होतं. मी कागद काढला आणि पाण्याच्या ओळीसकट मोठ्याने वाचला. माझाच आवाज मला चोरटा वाटला.

शेजाऱ्याने घाईघाईने स्वतःच्या खिशातून तसाच कागद काढला. "मंग पाण्याचं बी लिवून घ्या, साहेब!"

अधिकारी त्याच्याकडे बघतच राहिले, मग त्यांनी वाट आणि पाणी दोन्ही लिहून घेतलं.

"चहा पिताना मी यांनाही कागदाचं विचारलं होतं," ताई मला म्हणाल्या. "तेही नाहीच म्हणाले." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मी विहिरीवरची मोटर सुरू केली, शेजाऱ्याने पक्कड घेतली. पाणी येईपर्यंत तो तार तोडेना, आणि तार तुटेपर्यंत मी मोटरच्या बटणावरचा हात काढला नाही.