टर्बो कोण बसवणार

हिंगणघाटच्या हायवेवर आमचं गॅरेज आहे. आमचे मिस्त्री इंजिनाशी गोड बोलतात आणि माणसांवर खेकसतात. इंजिनाचा जोर वाढवणारा टर्बो बसवला की गाडी सुरू करायच्या आधी त्यात हाताने तेल सोडतात. म्हणतात, "कोरड्या घशानं कोनाले पळवाचं नाई."

मी कोकणातला, आठवीत शाळा सोडलेला. इथे मला धरून ठेवणारे ते एकटेच.

परवा कापसाच्या जिनिंग मिलचे एक शेठ आपल्या साध्या चार सिलिंडरच्या गाडीला टर्बो बसवायला आले. मी पाना उचलला तसे म्हणाले, "मिस्त्री, हा बाहेरचा मानूस नको. इंजिन फोडून टाकन माह्यं."

मी पाना खाली ठेवला. आता आपलं इथलं काम गेलं, असंच वाटलं.

मिस्त्रींनी तो उचलून परत माझ्या हातात दिला. "बाहेरचा? तुमची गाडी काय हिंगणघाटले बनली? माह्या गाडीले टर्बो यानंच बसवला. चाला, बसा तिच्यात."

शेठ पुढे बसले, मी स्टेअरिंगवर, मिस्त्री मागच्या सीटवर. "काऊन भेऊन राह्यला बे? दाब!" मिस्त्री मागून ओरडले.

मी दाबलं. टर्बोची शिटी वाजली आणि शेठनी दाराची मूठ धरली. वणा नदीचा पूल कधी मागे पडला, कळलं नाही. इंजिन कुरकुर न करता ओढत होतं.

"बसवू द्या यालेच, मिस्त्री," शेवटी शेठ म्हणाले.

मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर मिस्त्री तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.