मालगाडीचं शेपूट

ग्लासगोत राहत होतो त्या वर्षांत मला आगगाड्यांचे फोटो काढायचं वेड लागलं होतं. तिथून फोर्ट विल्यमकडे एकेरी लाइन जाते, सगळी डोंगरातून. टिंड्रम स्टेशन सोडलं की बेन डोरेन नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी तिला एक रुंद दरी आडवी येते. दरीवर सरळ पूल बांधणं त्या काळी परवडलं नसावं. म्हणून रूळ एका डोंगराच्या कडेने आत शिरतात, दोन पुलांवरून वळसा घालतात आणि समोरच्या डोंगराच्या कडेने बाहेर पडतात. आपण एका बाजूला उभं राहिलं, तर पायाखालून गेलेली गाडी थोड्या वेळाने समोर पुन्हा दिसते.

प्रवासी गाडी तिथे चिमुकली दिसते. मला हवी होती मालगाडी. ॲल्युमिनियमच्या कारखान्याकडून संध्याकाळी रिकामी परतणारी, टाक्यांची लांबलचक गाडी. इंजिनापासून शेवटच्या टाकीपर्यंत अख्खी, त्या वळणावर, एका फ्रेममध्ये. दोन उन्हाळे मी तिच्यामागे घालवले. एकदा ऐन वेळी ढग आले. एकदा गाडीच रद्द झाली. एकदा सगळं जुळून आलं आणि कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड घरी टेबलावर राहिलं. हे शेवटचं मी नवऱ्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

त्या जूनच्या अखेरीला नवऱ्याचं काम दूर दक्षिणेला, हाउन्सलोला हलणार होतं. अर्धं घर खोक्यांत गेलं होतं. म्हणजे माझ्या हातात एकच शनिवार उरला होता. नवरा खोकी बांधायला घरी थांबला आणि माझ्याबरोबर आले बाबा, माझे सासरे. ते पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते.

बाबा रेल्वेत गार्ड होते. उभी हयात मालगाड्यांवर गेली, त्यातली बरीच घाटात. मालगाडीच्या अगदी शेवटी एक छोटा डबा असतो, ब्रेकव्हॅन, त्यात ते बसायचे. बोलणं एकदम मोजकं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी आमचं संभाषण "चहा ठेवू?" आणि "ठेव" याच्या पुढे फारसं गेलं नव्हतं. माझ्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, त्यामुळे त्यांचं गप्प बसणं मला लागायचं. यांना मी पसंत नाही, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली होती.

उतारावर गवतात बसून आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. मिज नावाची तिथली बारीक चिलटं फोडून खात होती, म्हणून बाबांनी जूनमध्ये कानटोपी चढवली होती. मी ट्रायपॉड लावला, कॅमेरा वळणावर रोखला. ऊन स्वच्छ होतं. इतकं चांगलं ऊन स्कॉटलंडने मला दोन वर्षांत दिलं नव्हतं.

आधी प्रवासी गाडी आली. ती दिसताच बाबा ताडकन उठले, थेट माझ्या लेन्ससमोर गेले आणि एक हात आडवा धरून उभे राहिले. सगळं ठीक आहे, जाऊ द्या, असा तो इशारा. ड्रायव्हरनेही खुशीत भोंगा वाजवला. शेवटचा डबा जाईपर्यंत बाबा बघत राहिले, "गाडी पूर्ण आहे, मागे काही सुटलं नाही" म्हणाले आणि येऊन बसले. माझ्या फोटोत नुसती कानटोपी आली होती.

मला हसू फुटलं. "बाबा, इथे तुमची ड्यूटी नाहीये!"

"सवय," ते म्हणाले.

"मालगाडीला मात्र उठायचं नाही हं. माझा लास्ट चान्स आहे. प्लीज."

"नाही उठणार," त्यांनी शब्द दिला.

तासाभराने मालगाडी आली. आधी इंजिनाची घरघर, मग आमच्या पायाखालून एकेक करड्या टाक्या, सावकाश, चढावर दमत दमत. बाबा शब्दाला जागून बसले होते. गाडी पूर्ण वळणावर जायला अजून मिनिट-दोन मिनिटं होती. तोवर मी श्वास रोखून बटणावर बोट ठेवलं. शेवटची टाकी आमच्या खालून गेली आणि बाबा ओरडले, "गाडी तुटली!"

मी वळून पाहिलं तर ते उतारावरून खाली, रुळांच्या दिशेने निघालेसुद्धा होते. या वयात, त्या निसरड्या गवतावरून. मी धावत जाऊन त्यांची बाही धरली.

"बाबा, कुठे चाललात? बसा खाली!" मी खेकसले. लहान मुलावर खेकसावं तशी. त्याची मला आजही लाज वाटते.

"ब्रेकव्हॅन नाही मागे. अर्धी गाडी मागे राहिलीये. उतार आहे. मागचे डबे उलटे सुटतील."

"अहो, इथे मालगाडीला गार्डच नसतो. ब्रेकव्हॅन नसतेच. शेवटच्या टाकीला नुसता लाल दिवा असतो."

त्यांना ते पटेना. नजर रुळांवर खालच्या बाजूला लागली होती, सुटलेले डबे आत्ता दिसतील अशी.

"दिवा मला दिसला नाही," ते म्हणाले. "एकदा तुटली होती, बाळ. मागच्या डब्यांत मी होतो."

समोर गाडी वळणावर पोचत होती. आणखी काही क्षणांत इंजिन त्या टोकाला आणि शेवटची टाकी या टोकाला येणार होती, वर पिवळं ऊन. खरं सांगते, मला रडू येत होतं. मी कॅमेरा ट्रायपॉडवरून काढला, लेन्स पूर्ण लांब केली आणि कॅमेरा बाबांच्या डोळ्याला लावला.

"शेवटची टाकी शोधा. खाली बघा, कोपऱ्यात."

ते एकेक टाकी मागे टाकत शेवटची शोधत राहिले. कॅमेरा हलत होता, म्हणून मी खालून हात दिला. त्यांच्या खांद्यावरून मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, अख्खी मालगाडी वळणावर होती. मग इंजिन डोंगराआड गेलं, त्याच्या मागून टाक्या जायला लागल्या.

"आहे," बाबा म्हणाले. "लुकलुकतोय."

आम्ही तिथेच गवतात बसलो. मग त्यांनी सगळं सांगितलं. घाट चढताना जोड तुटला होता. मागचे डबे त्यांच्या ब्रेकव्हॅनसकट उताराला लागले. आपोआप लागायचे ते ब्रेक लागले नाहीत. बाबा हातब्रेकचं चाक फिरवत राहिले, तळहात सोलवटून निघाले, आणि डबे थांबले. खालच्या स्टेशनात भरलेली प्रवासी गाडी उभी होती. सासूबाईंना तेव्हा सातवा महिना होता, म्हणून त्यांनी घरी काही सांगितलं नाही. पुढे ते सांगायचं राहूनच गेलं. माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला. असं आधी कधी केलं नव्हतं.

"म्हणजे इथे मागे कोणीच बसत नाही?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही, बाबा."

मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. ते रिकाम्या रुळांकडे बघत राहिले.

"बरं झालं," ते म्हणाले. "फार एकटं वाटायचं गं तिथे."