लोकरीचं झाड

कपड्याला हात लावताच तो सुती की रेशमी, किती तापलेली इस्त्री सोसेल, हे इस्त्रीवाल्या काकू डोळे मिटून सांगत. चोवीस वर्षांत आपल्या हातून एक कॉलर करपली नाही, हेही सांगत. कुणी विचारलं नसलं तरी.

दुकानामागच्या टीचभर अंगणात त्यांच्या नवऱ्याने एक झाड लावलं होतं. चंदेरी, लवदार पानं आणि गर्द गुलाबी फुलं. "दोन-तीन वर्षांचा पाहुणा आहे हा," तो म्हणायचा, "पण जाताना बी टाकून जातो." नवरा गेला, ते झाडही गेलं, आणि त्याच्या बियांतून उगवलेलं एक रोप काकूंनी वाढवलं. आता लेक रविवारी नोकरीसाठी दूर राहायला चालली होती. तिला सोबत बाबांच्या झाडाचं रोप हवं होतं.

"हात्तिच्या! एक काय, चार देते," काकू म्हणाल्या होत्या.

गुरुवारी सकाळी झाड मान टाकून पडलेलं दिसलं. लेकीने बुंधा दाबून पाहिला, तर तो कुजून मऊ झालेला.

"आई, काय घालत होतीस याला?"

"काही नाही गं. कपड्यांवर शिंपडून उरलेलं पाणी. मगभर, रोज."

लेकीने एक पान खुडून आईच्या तळहातावर ठेवलं. "डोळे मीट. कापड कुठलं, सांग."

"लोकर," काकू क्षणात म्हणाल्या.

"आणि लोकरीवर रोज मगभर पाणी?"

काकूंनी ते पान हळूच एप्रनच्या खिशात टाकलं.

"बरं, बी तरी ठेवलंस का?"

"बी कुठलं! फूल सुकलं की मी कात्री चालवायचे. चुरगळलेलं काही मला बघवतं का?"

"म्हणजे बाबांचं झाड संपलं." लेकीचा आवाज चिरकला.

"संपलं कशाने? कापलेली फुलं कुठे गेली, ते आधी बघू." एप्रनमध्ये जमा झालेली ती फुलं काकू मागच्या भिंतीकडेला, खडीवर झटकत. दोघी तिकडे गेल्या. खडीच्या फटींतून नाण्याएवढे चंदेरी झुपके वर आले होते. एकूण सात.

"बघितलंस? मी म्हटलं चार, निघाली सात! माझ्या हाताला गुण आहे."

"गुण कसला? तुझा मग तिथे पोचला नाही म्हणून वाचली ती!" लेक डोळे पुसत हसली.

काकूंनी चार रोपं मुळांसकट, खडीसकट अलगद उचलली आणि भोकं पाडलेल्या डब्यात लावली. मग गिऱ्हाइकाच्या कपड्याला लावतात तशी चिठ्ठी डब्याला बांधली: 'कोरडं ठेवावं. सुकलेल्या फुलांना हात लावू नये.'

रविवारी लेक गेली. सोमवारी काकू सवयीने उरलेलं पाणी घेऊन अंगणात आल्या. खडीपाशी थबकल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि हातातला मग स्वतःच्याच पायांवर रिकामा केला.