आमची बुटकी कॅप्टन

विमल साळवे चेंडूकडे कधी बघायची नाही. जुन्या जालन्यातल्या आमच्या शाळेच्या मैदानावर मी तिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा दातांत रिबीन धरून ती डाव्या हाताने वेणी सावरत होती, उजव्या हाताने चेंडू आपटत होती आणि वर माझी चौकशीही करत होती. “नवी हायेस? कोण्या गावची?” मी अंबडकडची, शेतकऱ्याची मुलगी, मामाकडे राहून शिकायला आलेली. “पळता येतं का?” येतं, म्हटलं. “बराबर. मंग बाकीचं मी शिकवते.” मला खेळायचं आहे का, हे तिने विचारलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून मी बास्केटबॉलच्या संघात होते.

बास्केटबॉल हा उंच मुलींचा खेळ. विमल माझ्या खांद्याला लागायची. तिला त्याचं काही वाटत नसे. म्हणायची, “उंच पोरींना चेंडू जमिनीवर आपटावाच लागतो ना? तिथं मी हाय.” आणि खरंच, समोरची मुलगी वर बास्केटकडे बघत असायची, तोवर विमल तिच्या हाताखालून चेंडू काढून दुसऱ्या टोकाला पोचलेली असायची. आमचे शेख सर कमरेवर हात ठेवून हसायचे. “बेटा, जरा दम घे. तुझ्या पाठीमागं पळून आपलेच लोक मरून राह्यले.”

मग बहात्तरचा तो मोठा दुष्काळ पडला. विमलचे वडील रेल्वेच्या रुळावर कामाला होते, घरात खाणारी तोंडं बरीच. आई दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडायला जाऊ लागली. सुटीत विमलही तिच्याबरोबर हातोडा घेऊन बसली. नेमकी त्याच उन्हाळ्यात औरंगाबादला राज्याच्या संघाची निवड होती. ती येणार नाही, असं मी धरूनच चालले होते. पण सकाळी स्टँडवर पाहते तर बाई आमच्या आधी हजर, दोन्ही तळव्यांना फडकी गुंडाळलेली. शेख सरांचा चेहरा उतरला. “हे हात घेऊन खेळणार?”

“खेळणार की. खडीपुढं चेंडू म्हणजे कापूस हाय, सर.”

निवड करायला आलेल्या साहेबांनी सगळ्या मुलींना भिंतीपाशी उभं करून उंची घ्यायला सुरुवात केली. विमलजवळ आल्यावर त्यांनी पट्टी खाली घेतली आणि शेख सरांकडे बघून मान हलवली. शेख सर काही बोलणार, तेवढ्यात विमलच म्हणाली, “सर, मोजता कशाला? खेळवून बघा.”

आवाजात उर्मटपणा नव्हता, विनवणीही नव्हती. साहेबांनी तिला खेळवलं. शिट्टी वाजली आणि विमल सुटली. सर्वांत उंच मुलगी तिने अशी फिरवली की ती मुलगी शेवटी चेंडू कुठे आहे हे आपल्याच मैत्रिणींना विचारू लागली. खेळ संपायच्या आत साहेबांनी पट्टी खिशात घातली होती. विमल दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेली. मात्र त्या दिवशी तिची आई मुकादमाला म्हणाली, “हिला सावलीतली जागा द्या. महाराष्ट्राकडून खेळणार हाय माझी पोरगी.”

पुढे विद्यापीठाच्या संघात आम्ही एकत्र होतो आणि कॅप्टन विमल होती. एका गावी सामने संपल्यावर तिथल्या एका बड्या घरी आमचं जेवण होतं. पाटावर बसण्याआधी घरातल्या बाई एकेकीला आडनाव विचारत होत्या. आम्हाला कारण कळलं. मी दाराशीच थबकले. विमलने मात्र विचारायची वाटच पाहिली नाही. “मी विमल साळवे. जालन्याची, बौद्ध. ह्या पोरींची कॅप्टन.” आणि रांगेच्या अगदी मधल्या पाटावर जाऊन बसली. मी तिच्या उजवीकडे बसले, डावीकडे दुसरी बसली, बघता बघता पंगत भरली. बाई भाताचं भांडं धरून तशाच उभ्या. विमल अगदी शांतपणे म्हणाली, “वाढा ना काकू. लई भूक लागली.” काकूंनी वाढलं. पहिला भात वरूनच टाकला त्यांनी, दुसऱ्यांदा वाकून वाढला.

राज्याने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं, त्या संघात विमल होती. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात उंच मुलींची डोकी दिसत होती आणि त्यांच्यामधून वर आलेला फक्त एक हात. तिच्या आईने तो हात बरोबर ओळखला आणि गल्लीभर दाखवत फिरली. मग रेल्वेत नोकरी लागली. विमल मुंबईला गेली, रेल्वेच्या संघाची कॅप्टन झाली. तिचं नाव ऐकून समोरचा संघ दोन-दोन मुली तिच्या अंगावर सोडायचा.

मी भोकरदनला शिक्षिका झाले होते. पुण्यात मोठा सामना आहे असं कळलं, म्हणून रजा काढून गेले. बघते तर विमल बाकावर बसलेली आणि तिच्या जागी एक नवी, किरकोळ अंगाची मुलगी. मुलगी घाबरलेली होती. चेंडू हातातून सुटत होता. लोक “विमल, विमल” ओरडायला लागले. प्रशिक्षक तिला उठायची खूण करू लागले. विमल उठली, पण मैदानात गेली नाही. त्या मुलीला बाजूला घेतलं, खांदे धरून काहीतरी सांगितलं आणि परत पाठवलं. मुलगी शेवटी छान खेळली, पण तोवर उशीर झाला होता. संघ हरला.

बाहेर आल्यावर मी जवळजवळ भांडलेच तिच्याशी. “तू उतरली असतीस तर जिंकला असतात ना ग?”

“आज जिंकलो असतो. ती माझ्यापेक्षा जल्दी पळते, मंगल. सरावात रोज चेंडू काढून घेते माझा. मीच सांगितलं आमच्या कोचला, आता हिला खेळवा.”

“आणि लोक ओरडत होते तेव्हा? वाईट नाही वाटलं?”

“वाटलं की. बिलकुल वाटलं.” तिने पिशवी खांद्यावर टाकली. “मंग काय, मला वाईट वाटतंय म्हणून तिला बसवू?”

ती मुलगी मागून येत होती, डोळे सुजलेले. विमल थांबली, तिला हाताला धरून आमच्यात घेतलं आणि म्हणाली, “चला, आधी जेवू. उद्या सकाळी मैदानावर ये, डावा हात कच्चा हाय तुझा.”