जेलीसकट लावलेली रोपं

अँथुरियमच्या रोपांचा जवळजवळ अख्खा ट्रे मी मायेने कुजवला, हे आधीच सांगून टाकते. नातीच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून बरं. ती ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला रंगवून सांगते. घडली तेव्हा बाईसाहेब रांगतसुद्धा नव्हत्या.

तेव्हाची मी म्हणजे नवीकोरी सासू, त्यात जन्म गिरीजच्या वाडीत गेलेला. मी नुसतं बघितलं तरी केळीला कोंब फुटतो अशी माझी समजूत. सून नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. तिची बाग म्हणजे गॅलरीतला एक मनीप्लांट. पण ती वनस्पतिशास्त्र शिकलेली होती आणि लांबच्या एका लॅबमध्ये बाटल्यांत रोपं वाढवायची. सकाळी लेकराला माझ्या मांडीवर ठेवून निघायची, परत यायची तेव्हा ते झोपलेलं असायचं. म्हणून तिने लॅबच्या मॅडमना विनवलं, रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावायचं काम माझ्या घरी करू द्या. मॅडम म्हणाल्या, दोन ट्रेची रोपं देते, महिन्याने बघायला येईन. जगली तर पुढचं काम तिकडेच.

बाटल्या आल्या आणि मागच्या पडवीत ओळीने बसल्या. तळाला पारदर्शक जेली, तीत रुतलेली बोटभर रोपं. दुपारी मागच्या बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यावरचा उजेड बाटल्यांतून आत यायचा आणि भिंतीवर हिरवट काहीतरी हलत राहायचं. नातीला मांडीवर घेऊन मी ते बघत बसे. वाटायचं, आपणही पाण्याखाली आहोत. त्या रोपांनी वारा पाहिला नव्हता. तहान कशाला म्हणतात, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

सून म्हणाली, "आई, यांच्या पानांना अजून तोंड मिटता येत नाही. एकदम बाहेर काढली तर सगळं पाणी उडून जाईल."

"माझ्यासारखीच म्हण की."

"तुमच्या तोंडातून पाणी नाही, गावभरच्या बातम्या उडतात."

पहिला ट्रे तिने स्वतः लावला. एकेक रोप कोमट पाण्यात धरून मुळांवरची जेली बोटांनी धुतली, औषधात बुडवलं, नारळाच्या भुश्शात खोचलं आणि वर प्लॅस्टिकचा तंबू ओढला. दुसऱ्या दिवशी तिला लॅबमध्ये बोलावणं आलं. जाताना म्हणाली, "उरलेली मी आल्यावर लावते. हात लावू नका हं."

आता आमच्या वाडीचा नियम असा, की रोप हलवायचं ते मुळाशी असलेल्या मातीच्या गोळ्यासकट. मूळ उघडं पाडलं की माझी सासू हातावर फटका मारायची. मी विचार केला, जेली म्हणजे बाटलीतली मातीच. शिवाय तीत साखर असते, हे मी ऐकून ठेवलं होतं. पोरी परक्या घरी निघाल्या, बरोबर शिदोरी नको? मी सगळी रोपं जेलीच्या गोळ्यांसकट खोचून टाकली.

संध्याकाळी सूनबाईंनी विचारलं, "नीट धुतली ना?"

"आता तू मला शिकवणार?" मी म्हटलं. हे काही खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

मग ते दिवस आले, तंबूच्या आत धुकं भरलेले. प्लॅस्टिकला आतून थेंब लागायचे, घरंगळायचे, आणि त्यामागे पानं झोपेत असल्यासारखी दिसायची. चारपाच दिवसांनी माझ्या ट्रेमध्ये बुडाशी पांढरं दिसलं. मला वाटलं, दवच. किती सुंदर, असंही मी म्हणाले, मूर्ख बाई. बोट लावलं तर कापूस, बुरशीचा, माझ्या शिदोरीतल्या साखरेवर पोसलेला. एक रोप उचललं तर नुसतं पान हातात आलं, मूळ खालीच राहिलं.

सून लेकराला पाजत होती. मी दारात उभी राहून म्हटलं, "अगं, मी धुतली नव्हती."

ती उठली. लेकराला झोळीत ठेवून कोमट पाणी घेऊन आली. आम्ही दोघी समोरासमोर बसून धूत राहिलो. बहुतेक रोपं बोटांतच विरघळली. मूठभर वाचली.

महिन्याने मॅडम आल्या. पहिल्या ट्रेवरचं प्लॅस्टिक रोज थोडं थोडं उघडत तोवर पूर्ण निघालं होतं. पानं जाड, तुकतुकीत झालेली, वाऱ्यावर सावकाश डोलत होती. दुसऱ्या ट्रेपाशी त्या थांबल्या.

"ही माझ्याकडून गेली," सून म्हणाली.

मी पुढे झाले. "नाही हो मॅडम. हिने पहिली धुऊन लावली, ही मी जेलीसकट लावली. ही तर हातसुद्धा लावू नका म्हणून गेली होती."

मॅडम वळून पहिल्या ट्रेकडे बराच वेळ बघत राहिल्या. एक पान चिमटीत धरून पाहिलं. मग म्हणाल्या, पुढची खेप इथेच पाठवते.

त्या गेल्यावर सूनबाई पायरीवर बसली. लेकराला उराशी धरून आधी खूप हसली, मग थोडी रडली. डोळे पुसून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, पुढच्या खेपेचं प्लॅस्टिक तुम्ही उघडायचं. रोज दोन बोटं, जास्त नाही. आणि भूक लागली म्हणून रडली, तरी त्यांना खायला काही द्यायचं नाही."