सफरचंदाला उलटी फेरी

दुपारची झोप झाली की मी फाटकापाशी खुर्ची टाकून बसायची, ती नवऱ्याला झेलायला. परगावचं माणूस ऐकून हसेल. आमच्या मिनास गावातल्या गल्लीत कोणी हसत नव्हतं, कारण शेजारच्या सेलेस्तेनंही त्याला दोनदा झेललं होतं आणि एकदा तिच्या फुलांच्या कुंडीनं.

माझा नवरा एदेल्मिरो एकोणऐंशी वर्षांचा आहे. एकेचाळीस वर्षं तो घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचा, सगळं सायकलवरून. ती सायकल त्याच्या बापाची. काळी, उंच, चामड्याच्या सीटची, आणि ब्रेक पायातला. म्हणजे हँडलला काही नाही, थांबायचं असेल तर पायडल उलटं मागे दाबायचं. वर्षभर ती कोठीत घोंगडीखाली निजलेली असते. उन्हाळ्यात म्हणे टायर तापतात, हिवाळ्यात सांधे धरतात, वसंतात शिंका येतात. राहिली पानगळ. आमच्याकडे ती एप्रिलमध्ये येते. रस्त्यावर पहिली पानं पडली की हा घोंगडी काढतो, तेल घालतो आणि माझ्या चांगल्या टॉवेलनं आरे पुसतो.

फेरी तशी छोटीच. चार रस्त्यांच्या मधे घरांचा जो चौकोन असतो त्याला आमच्याकडे सफरचंद म्हणतात. का, ते मला विचारू नका, मी तिसरीपर्यंतच शाळेत गेले. मागे डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं, रोज एक सफरचंद. मी बाजारातून दोन किलो आणली. एदेल्मिरोनं कागद बघितला, म्हणाला, हे खायचं नाही, फिरायचं आहे. सफरचंदं शेवटी मुरंब्यात गेली.

आता त्या सफरचंदाच्या तीन बाजूंना चढ असा जाणवतही नाही. चौथी बाजू म्हणजे आमची गल्ली, ती मात्र एका दमात खाली घसरते, आणि आमचं घर जवळजवळ तळाशी, खालच्या कोपऱ्यावरून चार पावलं चढून. एदेल्मिरोची फेरी वरच्या कोपऱ्यावरून याच उतारानं संपते. पूर्वी दारात आला की पायडल मागे दाबून ऐटीत थांबायचा. यंदा घंटी वाजवत सुसाट यायचा, दारातल्या कडू संत्र्याच्या झाडाला एका हातानं मिठी मारायचा आणि मी मागून कॅरिअर धरायची. खाली ओल्या पानांचा राडा. एकदा दोघंही झाडाच्या बुंध्याशी बसलो. वर किटलीतलं पाणी उकळून गेलं, आणि माते, म्हणजे भोपळ्यातून नळीनं ओढायचा आमचा कडू चहा, उकळलेल्या पाण्यात केला की गवत चोखल्यासारखा लागतो.

विचारलं तर म्हणायचा, ब्रेक गेलाय. मग दुरुस्त कर की. तर म्हणे असला ब्रेक आता कुठे मिळतो. मग हँडलला दुसरा बसव. तर म्हणे बापाच्या सायकलला भोकं पाडू? असं प्रत्येकाला उत्तर तयार. जेवायला काय करू विचारलं की मात्र याला काही सुचत नाही.

हे सगळं आमच्या मुलीच्या, सुल्माच्या कानावर गेलं. सेलेस्तेच्या पोटात काय राहतंय? सुल्माच्या नवऱ्याचं, नेल्सनचं, हमरस्त्यावर मांस भाजून विकायचं दुकान आहे. तिथल्या भिंतीवर त्यानं जुना नांगर टांगलाय, जुनं खोगीर टांगलंय. सायकलीवर त्याचा डोळा तीन वर्षांपासून. सुल्मानं फोन केला. रविवारी आम्ही गाडी घेऊन येतोय म्हणाली. बाबा आमच्यासमोर दारात धडपणे थांबले तर ठीक, नाहीतर सायकल नेल्सनच्या भिंतीवर.

"आणि पुढच्या टोपलीत फुलं लावू, आई. छान दिसेल."

एदेल्मिरो त्या दिवशी जेवला नाही. सूपच्या ताटलीत चमचा फिरवत बसला. टोपलीत फुलं, एवढंच दोनदा म्हणाला.

गुरुवारी तो झोपला असताना मीच सायकल ढकलत तेचेराकडे नेली. तेचेरा सायकली दुरुस्त करतो, फार कमी बोलतो. त्यानं चाक फिरवलं, साखळी बघितली, मग स्वतः बसून अंगणात एक चक्कर मारली आणि माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर गपकन थांबला. फरशीवर टायरचा काळा पट्टा उठला.

"ब्रेक माझ्याहून धडधाकट आहे, ओलिंदाबाई," तो हात पुसत म्हणाला. "पण पायडल मागे दाबायला गुडघा लागतो."

परत येताना मी इतकी चिडले होते की दोन ओळखीच्या बायकांना ओळखसुद्धा दाखवली नाही. पन्नास वर्षं या माणसाचे मोजे धुतेय, आणि गुडघा गेल्याचं मला तेचेराकडून कळावं?

एदेल्मिरो स्वयंपाकघरात बसला होता. सायकल बघितली, माझं तोंड बघितलं, समजला.

"ब्रेक ठीक आहे म्हणे," मी म्हणाले.

"हं."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याला सुटे भाग मिळत नाहीत, म्हातारे. ब्रेक गेला म्हटलं की लोक ब्रेककडे बघतात. गुडघा गेला म्हटलं की माझ्याकडे बघतील."

मला दया आली, पण ती मी दाखवली नाही, दाखवली की हा डोक्यावर बसतो. मी म्हटलं, सोपं आहे, उलटी फेरी मार. आधी आपली गल्ली चढ, तिकडून वळ, तीन बाजू हळूहळू उतर आणि शेवटी दाराशी येताना चढ लागेल. चढावर सायकल आपोआप थांबते, ती गुडघ्याला विचारत नाही.

तर नाही. का, तर घरं उजव्या हाताला पाहिजेत. एकेचाळीस वर्षं यानं घरं उजव्या हाताला ठेवून मीटर वाचले. उजव्या हाताला घर असलं की कोणाचं दार, कोणाचा कुत्रा, सगळं कळतं म्हणे. डाव्या हाताला ठेवली तर स्वतःच्या गल्लीत परका माणूस. मी म्हटलं, मीटर वाचायचं सोडून एकोणीस वर्षं झाली. तो म्हणाला, तुला नाही कळायचं. मला हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. नसलेल्या मीटरसाठी असलेली सायकल घालवणारा माणूस माझ्याच वाट्याला यावा.

शनिवारी मी खुर्ची फाटकापासून उचलून आत नेली. म्हटलं, उद्यापासून मी झेलणार नाही. सुल्मा बघेल, नेल्सन बघेल, झाड बघेल. तो रात्रीपर्यंत नुसता रेडिओ ऐकत बसला, तोही बंद असलेला.

रविवारी सुल्मा आणि नेल्सन आले. नेल्सननं खिशात मोजपट्टी आणली होती, नालायकानं. एदेल्मिरोनं कोट चढवला, पँटला खाली चिमटा लावला, सायकल बाहेर काढली. फाटकात क्षणभर थांबला. मग तिचं तोंड चढाकडे वळवलं आणि हातानं ढकलत, एक पाय ओढत वर निघाला.

"बाबा तिकडे कुठे चाललेत?" सुल्मानं विचारलं.

"सफरचंदाला फेरी," मी म्हणाले.

बराच वेळ गेला. मी किटली दोनदा विस्तवावरून खाली घेतली. नेल्सननं मोजपट्टी उघडली, मिटली. मग खालच्या कोपऱ्यावरून घंटी ऐकू आली. घरं डाव्या हाताला, मान मात्र उजवीकडे वळलेली, रागावल्यासारखी. चढाला लागल्यावर सायकल मंदावली, आणखी मंदावली, आणि बरोबर फाटकासमोर उभी राहिली. यानं पाय खाली टेकवला, टोपी काढली. झाडाला हातसुद्धा लावला नाही.

"ब्रेक दुरुस्त झाला वाटतं," सुल्मा म्हणाली.

"तेचेरानं बघितला," मी म्हणाले. "ब्रेकमध्ये काही दोष नाही." यात माझं काय खोटं?

नेल्सन गाडीत जाऊन बसला. जाताना मी त्याला मुरंब्याची बरणी दिली, म्हटलं, ही टांग भिंतीवर.

त्यामुळे आता खुर्चीत बसणं संपलं. पण एवढी लोखंडी सायकल घेऊन अख्खी गल्ली चढायची तर त्या गुडघ्याला एकट्याला झेपत नाही. म्हणून आता रोज दुपारी वरच्या कोपऱ्यापर्यंत मागून सायकल मी ढकलते. हा पुढे हँडल धरून चालतो आणि मला सांगतो, जरा हळू, कोणाचं दार ते बघू दे.