काऊन

‘काऊन’ हा शब्द मी खोडला आणि त्याबरोबर माझ्या वहिनीलाही. हे आधी कबूल करतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी वांकिडीच्या मराठी शाळेत मास्तर होतो. ढोलकीला गिटारची जोड देणाऱ्या एका जुन्या गाणाऱ्या मंडळाच्या कॅसेटी तेव्हा आमच्याकडे चहाच्या हॉटेलात दिवसभर वाजायच्या. ती मंडळी गाणी गोळा करत एकदा आमच्या घरी आली. वहिनीने दाराआडून त्यांना एक गाणं म्हणून दाखवलं. तिची लेक उन्हाळ्यात कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला शेतात गेली होती आणि ऊन लागून वारली. त्या वर्षी वहिनीने जात्यावर बसून हे गाणं केलं होतं: ‘काऊन गेली वं बाई, पऱ्हाटीत भर उन्हाची.’

गाणं उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. पाहुण्यांपुढे मला आमच्या बोलीची लाज वाटली. मी लिहिलं, ‘कशासाठी गेलीस सखे, शेतामध्ये दुपारी.’ गाणं कोणी केलं, असं मंडळाच्या म्होरक्यांनी विचारलं, तेव्हा बायका म्हणतात असंच, असं सांगून मोकळा झालो.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावातली घरं जळाली. तिथल्या लोकांसाठी मंडळ फुकट गायला आलं. तिकीट नव्हतं, घरटी पायलीभर ज्वारी आणायची होती. वहिनीने पायली माझ्या हाती दिली नाही, स्वतः डोक्यावर घेतली. आपलं गाणं होणार, हे तिने साऱ्या आळीला सांगून ठेवलं होतं.

दुपार कलल्यावर बाजाराच्या मैदानात कार्यक्रम सुरू झाला. बायका आणि बाप्यांच्या मधे दोरी होती. वहिनी दोरीच्या पलीकडे, माझ्या अगदी जवळ. चौथं गाणं तिचं निघालं. लोकांनी ठेका धरला. वहिनीचे हात मांडीवरच राहिले. शेजारीण हसून म्हणाली, “तुह्यं गाणं तं साळा शिकून आलं वं.”

वहिनी माझ्याकडे वळली. “भाऊजी, यायनं सखी कोठून आणली? म्या तं माह्या पोरीले हाक मारली होती.”

दोष ती मंडळाला देत होती. मी गप्प बसलो असतो तर तो त्यांच्याच माथी राहिला असता. मी उठलो, माणसं ओलांडत स्टेजपाशी गेलो आणि म्होरक्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माइक माझ्या हातात दिला.

गाणं माझ्या वहिनीचं आहे, शब्द तिचे नाहीत, लिहिताना चूक झाली, असं मी शाळेतल्या मराठीत बोललो. म्होरक्यांनी वहिनीला पहिली ओळ विचारली. तिने जागेवर बसूनच ती म्हटली आणि ते तिच्यामागून गायले. या वेळी कोणी ठेका धरला नाही.

घरी परतताना रिकामी पायली तिच्या काखेत होती. आळीच्या तोंडाशी ती थांबली. मग म्हणाली, “काऊन केलं भाऊजी असं?”

‘चूक झाली’ म्हणजे जशी काही ती आपोआप झाली. ते मला पुन्हा म्हणायचं नव्हतं. शाळेत नोकरीला लागल्यापासून जी बोली मी तोंडी येऊ दिली नव्हती, तिच्यातच बोललो.

“चूक झाली नाई, वहिनी, म्या केली. मले आपल्या बोलीची लाज वाटली. मले माफ करजा.”